सांधा आणि ताळा

या सदरांत शोधांविषयीं आजवर जें लिहिलें तें बहुधा ग्रंथ चाळून लिहिलें. या खेपेचा विषय मात्र मला एका घराच्या पडवींत बसल्या बसल्या मिळाला. आणि मिळाला त्या दिवशीं त्या घरांत कोणाचेंच तोंड हंसरें नव्हतें. म्हणून आधीं तें घर सांगतों, मग शोधांकडे वळतों.

माझ्या पत्नीचे चुलते भडगांवीं राहतात. गिरणेच्या कांठचा हा जळगांव जिल्ह्यांतील तालुक्याचा गांव. आगगाडी गांवापर्यंत येत नाहीं, कजगांवास उतरून पुढें मोटारीनें जावें लागतें. घर मोठें, तीन पिढ्यांचें. सारें घर ज्यांना आबा म्हणतें ते हे चुलते आतां 81 वर्षांचे आहेत. शाळेंत त्यांनीं 34 वर्षें अंकगणित शिकविलें. ताळा पाहिल्यावांचून उत्तराखालीं रेघ ओढावयाची नाहीं, हा त्यांचा दंडक. त्यांच्या हाताखालून गेलेलीं मुलें आज आजोबा झालीं, तरी बाजारांत आबा समोर दिसले कीं हातांतला हिशेब पुन्हां एकदां पाहतात, अशी गांवांत थट्टा चालते. थोरले चिरंजीव केळीची शेती पाहतात, धाकटे शिक्षक आहेत, आणि धाकटी सून संगणकशास्त्राची पदवीधर असून घरीं बसूनच पुण्याच्या एका कचेरीचें काम करते.

गेल्या कार्तिकांत आबांच्या मोबाइलवर कोणाचें तरी बोलावणें आलें. निवृत्तिवेतनासाठीं लागणारा हयातीचा दाखला अपुरा राहिला आहे, आज पुरा न झाल्यास पुढच्या महिन्याचें वेतन थांबेल, असें तो गृहस्थ सांगत होता. भाषा नम्र, मराठी शुद्ध. आबा कांहीं भोळे नव्हेत. त्यांनीं विचारलें, “आपण कचेरींतूनच बोलतां याला प्रमाण काय?” त्यावर त्यानें आबांचा आधार क्रमांक, बाराच्या बारा आंकडे, न अडखळतां म्हणून दाखविला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या आठच दिवस आधीं धाकट्या सुनेनें आबांना सांगितलें होतें कीं, या क्रमांकाचा शेवटचा आंकडा हा वस्तुतः ताळ्याचा आंकडा आहे. आबांना तें इतकें आवडलें कीं घरांतील सर्वांचीं कार्डें मागून घेऊन त्यांनीं सुनेकडून एकेकाचा ताळा काढवून घेतला. त्यामुळें त्या गृहस्थानें क्रमांक अचूक म्हटला तेव्हां आबांनीं कपाटांतून कार्ड काढलें, आंकडा आंकड्याशीं ताडून पाहिला, आणि त्यांची खात्री पटली. मग मोबाइलवर आलेला सहा आंकड्यांचा संकेत त्यांनीं सावकाश, दोनदां वाचून दाखविला. शेतांतील नळाची ओळ बदलण्याकरितां खात्यांत बाजूस ठेविलेल्या रकमेंतून 47,000 रुपये त्या दोन मिनिटांत गेले.

धाकटी सून आंतून आली, तिनें मोबाइल पाहिला, आणि एक शब्द न बोलतां 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदविली. असल्या फसवणुकीसाठीं सरकारनें ठेविलेला हा राष्ट्रीय क्रमांक आहे. वेळीं कळविल्यास पैसा पुढच्या खात्यांतून उचलला जाण्यापूर्वीं अडवितां येतो. येथें 19,000 अडले. बाकीचे गेलेच. रिझर्व्ह बँकेनें 2017 सालीं ग्राहकाच्या जबाबदारीविषयीं जें परिपत्रक काढलें त्यांत ग्राहकानें स्वतःच गुप्त संकेत दुसऱ्यास सांगितला असेल तर कळविण्यापूर्वींचें नुकसान त्याचेंच, असें स्पष्ट म्हटलें होतें. आबांनीं तें मुळांतून वाचलें आणि “नियम न्याय्य आहे,” एवढेंच म्हणाले. त्यानंतर ते चार दिवस पडवींत आले नाहींत.

मी गेलों तेव्हां या गोष्टीस महिना होत आला होता. दुपारीं शेतावरचा सालदार आला. शेतांत पाणी वाहून चिखल झाला होता आणि नळी फुटली असावी असें सर्वांस वाटत होतें. तो पायरीशीं उभा राहून म्हणाला, “आबा, नळी नही फुटनी, सांधा फुटना.” आबा प्रथमच मोकळे हंसले. मला म्हणाले, “जावईबापू, ऐकलेंत? माझेंही तेंच. आंकडा शाबूत होता, कुलूप शाबूत होतें. सांधा मी होतों.”

पुढचे दोन दिवस आम्हीं दोघांनीं याच गोष्टीवर घालविले. नळीचा सांधा, आंकड्याचा ताळा आणि निरोपाचें कुलूप या तिन्हींसाठीं माणसानें शोध लाविले आहेत आणि त्यांचीं पेटंटेंही घेतलीं आहेत. तीं कोणी घेतलीं, काय राखावयास घेतलीं, आणि मग आबांचा पैसा कोणत्या फटींतून गेला, एवढेंच मला या लेखांत सांगावयाचें आहे.

नळीपासून आरंभ करूं. नळ जोडणारा कारागीर सांगेल कीं लांबच्या लांब नळी सहसा दगा देत नाहीं. दगा देतो तो एल्बो, टी, युनियन, सॉकेट. पूर्वीं लोखंडी नळाच्या आंट्यांवर सूत गुंडाळून वर सफेदा लावीत. आतां पांढरी पातळ फीत गुंडाळतात, तिला बाजारांत टेफ्लॉन म्हणतात. तिचा जन्म गमतीचा आहे. 1938 च्या एप्रिलांत अमेरिकेंत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत रॉय प्लंकेट नांवाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटांत उपयोगी पडणाऱ्या वायूंवर काम करीत होता. एका नळकांड्याची तोटी उघडली तरी वायु बाहेर येईना. दुसऱ्या कोणीं तें रिकामें समजून फेकून दिलें असतें. त्यानें तें तोललें, वजन भरलेल्याइतकेंच! मग नळकांडें करवतीनें कापलें, तों आंत पांढरी, गुळगुळीत पूड. वायूचे कण एकमेकांत गुंफले जाऊन तिचें घनरूप झालें होतें. 1941 त पेटंट मिळालें. आबांना ही हकीकत फार रुचली. कारण प्लंकेटनें केलें तें ताळा पाहण्याखेरीज दुसरें काय?

आंट्यांची हकीकत तितकीच सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें 1841 त आंट्यांचा कोन 55 अंशांचा ठरवून सर्व कारखान्यांनीं एकच माप पाळावें असें सुचविलें. अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें 1864 त 60 अंश सुचविले. आपले नळ इंग्रजी मापाचे. भडगांवच्याच घरीं अमेरिकेंतून पुतण्यानें पाणी गाळण्याचें एक यंत्र पाठविलें होतें. अर्ध्या इंचाच्या नळाला इंचांत 14 आंटे हें दोहोंकडे सारखेंच असल्यामुळें तें फिरवितां फिरवितां नीट बसलें. सर्वांस वाटलें जुळलें. रात्रीं मोरींत थेंब थेंब पाणी. पांच अंशांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं, पाण्यास दिसतो. वहिनी म्हणाल्या, “बसलें म्हणजे जुळलें असें नव्हे, हें आम्हांला सुना आणतांनाच कळतें,” आणि धाकट्या सुनेसकट सर्व हंसलीं.

पण सांध्याची सर्वांत मोठी कथा गळणाऱ्या सांध्याचीच आहे, आणि तिचा खानदेशाशीं फार जवळचा संबंध आहे. सिम्खा ब्लास हा पोलंडांत जन्मलेला आणि पुढें पॅलेस्टाइनांत स्थायिक झालेला पाण्याच्या कामांतला इंजिनियर. 1930 नंतरच्या दशकांत एका शेतकऱ्यानें त्याला एक झाड दाखविलें. आसपासचीं झाडें खुरटलेलीं, आणि हें एकच, कोणी पाणी न घालतां, भलतें उंच वाढलेलें. ब्लासनें खणून पाहिलें. खालून गेलेल्या नळाचा एक सांधा किंचित् गळत होता. वर जमीन कोरडी, आणि आंत मुळांशीं थेंब थेंब ओल. दुसऱ्यानें सांधा घट्ट केला असता. ब्लासच्या मनांत तो थेंब राहिला. प्लास्टिकच्या नळ्या स्वस्त झाल्यावर त्यानें व त्याच्या मुलानें, पाणी लांब अरुंद नागमोडी वाटेनें फिरवून त्याचा जोर मोडावा आणि मग थेंबानें सोडावें, असें लहानसें साधन तयार करून त्याचें पेटंट घेतलें. 1965 त हात्झेरिम या सहकारी वसाहतीनें नेताफिम कंपनी काढून तें बाजारांत आणलें. यालाच आपण ठिबक म्हणतों.

जळगांवास याच रोपानें मूळ धरलें. जामनेर तालुक्यांतील वाकोदचे भवरलाल जैन (1937–2016) यांनीं 1980 त पीव्हीसी नळ्या करण्यास आरंभ केला, आणि पुढें ठिबकाची सामग्री. आज भडगांव, पाचोरा, रावेर, यावल कोठेंही केळीच्या बागेंत पाऊल घाला, तें काळ्या नळीवर पडतें. ज्या जिल्ह्याची शेती गिरणेच्या आणि तापीच्या पाण्याकडे डोळे लावून असते, तेथें एका गळक्या सांध्यानें एवढें काम केलें. मात्र ब्लासनें तो सांधा जाणून गळका ठेविला. आबांच्या शेतांतला आपला आपणच गळतो. शोध आणि गळती यांत अंतर तें एवढेंच.

आतां पेटंट म्हणजे काय, हें दोन शब्दांत सांगितलें पाहिजे. कारण आपल्या घरांतून याविषयीं उलटी समजूत आहे. आमच्या आजीच्या तोंडीं पेटंट औषध म्हणजे ज्याची कृति कोणास कळूं द्यावयाची नाहीं तें. खऱ्या पेटंटाचा अर्थ नेमका उलट. मूळ शब्दाचा अर्थच ‘उघडें पत्र’ असा आहे. शोधकानें आपली युक्ति जाणत्या माणसाला ती पुन्हां करून पाहतां येईल इतकी स्पष्ट लिहून सरकारांत द्यावी. मोबदल्यांत सरकारनें ठराविक वर्षें ती वापरण्याचा, विकण्याचा हक्क त्याला एकट्याला द्यावा. मुदत सरली कीं ती सर्वांची. हिंदुस्थानांत असा पहिला कायदा 1856 त झाला, मुदत 14 वर्षें. त्याखालीं पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज डीपेनिंग नांवाच्या इंजिनियराचा, तोही पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाचा घाम हा त्या काळीं राष्ट्रीय प्रश्न होता. आज आपल्याकडे 1970 चा कायदा चालतो आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षें आहे.

या मार्गानें गेलेल्या मराठी माणसांत शंकर आबाजी भिसे (1867–1935) हें नांव पूर्वींच्या पिढीस ठाऊक होतें, आजच्या मुलांस क्वचित् ठाऊक असतें. छापखान्याचे खिळे ओतण्याचें त्यांचें यंत्र इंग्लंड-अमेरिकेंत वाखाणलें गेलें. पण भांडवल जुळतां जुळतां उभें आयुष्य गेलें. उघडें पत्र हातांत असलें म्हणजे कारखाना उभा राहतोच असें नाहीं.

आतां आबांच्या प्रांतांत येऊं. ताळा! ज्यांनीं जुन्या शाळा पाहिल्या त्यांना नवाचा ताळा सांगावयास नको. 47 गुणिले 38 बरोबर 1786. चार नि सात अकरा, एक नि एक दोन. तीन नि आठ अकरा, पुन्हां दोन. दोन दुणे चार. उत्तराचे आंकडे मिळवा: बावीस, म्हणजे चार. ताळा जुळला. ही रीत दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतांत आढळते. भडगांवाशेजारच्या चाळीसगांव तालुक्यांत पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख आहे. आबा दर वर्षीं तेथें जातात आणि येतांना मुलांना बेरजा घालतात.

परंतु नवाच्या ताळ्यांत एक मोठें छिद्र आहे. 1786 च्या जागीं चुकून 1768 लिहिलें तरी आंकड्यांची बेरीज बावीसच. आणि हातानें नकल करणारा माणूस दोन चुका सर्वांत अधिक करतो: एक आंकडाच भलता लिहितो, किंवा शेजारचे दोन आंकडे उलटे लिहितो. पहिली चूक नवाच्या ताळ्याला बहुधा सांपडते (0 च्या जागीं 9 पडला तर मात्र नाहीं); दुसरी कधींच सांपडत नाहीं.

हें छिद्र बुजविण्याचा यत्न करणारा गृहस्थ म्हणजे हान्स पीटर लून. जर्मनींत 1896 त जन्मला, उमेदवारीचीं वर्षें कापडाच्या धंद्यांत काढलीं. कापडांतले धागे मोजण्याचें त्याचें साधन प्रसिद्ध आहे. पुढें अमेरिकेंत आयबीएम कंपनींत गेला आणि ऐंशींहून अधिक पेटंटें घेतलीं. त्यांतलें एक 6 जानेवारी 1954 रोजीं अर्ज केलेलें, 23 ऑगस्ट 1960 रोजीं मिळालेलें, आंकड्याचा ताळा पाहणाऱ्या हातांत मावणाऱ्या यंत्राचें. त्याची रीत अशी. समजा क्रमांक 4827 आहे. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक आंकडा दुप्पट करावयाचा आणि दुप्पट दोन आंकडी झाली तर ते दोन आंकडे मिळवावयाचे. सात दुणे चौदा, म्हणजे पांच, दोन तसेच, आठ दुणे सोळा, म्हणजे सात, चार तसेच. बेरीज 18. पुढच्या दहापर्यंत न्यावयास 2 हवे. तो दोन शेवटीं जोडावयाचा. क्रमांक झाला 48272. आतां कोणीं आठ-दोन उलटे करून 42872 लिहिलें तर शेवटची बेरीज 20 न येतां 23 येते, आणि चूक पकडली जाते. तुमच्या खिशांतील बँकेच्या कार्डावरचा शेवटचा आंकडा हाच. मोबाइलवर *#06# दाबल्यास जो पंधरा आंकडी क्रमांक दिसतो त्याच्याही शेवटीं हाच ताळा असतो. सुट्टींत मुलांना पाटीवर करावयास द्यावा असा हा हिशेब आहे.

यांत एक कायद्याची मौज आहे. आपल्या 1970 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत नुसती गणिती रीत, नुसता संगणकाचा कार्यक्रम यांस पेटंट नाहीं असें म्हटलें आहे. लूननेंही पेटंट मागितलें तें रीतीचें नव्हे, चक्रांच्या यंत्राचें. यंत्र आज कोणाच्या घरीं नाहीं. रीत सर्वांच्या खिशांत आहे.

लूनच्या ताळ्यांतही एक बारीक छिद्र राहिलें: 09 आणि 90 यांतला भेद त्याला कळत नाहीं. तें 1969 त याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञानें बुजविलें. त्याची युक्ति बेरजेवर नाहींच. एक पंचकोनी चकती घ्या. ती पांच प्रकारें फिरवितां येते आणि उलटी करून आणखी पांच प्रकारें. एकूण दहा स्थिति, दहा आंकड्यांना दहा. आतां आधीं फिरवून मग उलटी केली तर एक स्थिति येते, आणि आधीं उलटी करून मग फिरविली तर दुसरीच. बेरजेंत दोन नि तीन काय, तीन नि दोन काय, सारखेंच. चकतींत क्रमाला किंमत आहे. आधीं सदरा मग कोट आणि आधीं कोट मग सदरा यांत जो फरक, तोच. म्हणून शेजारच्या आंकड्यांची अदलाबदल या ताळ्यांतून एकही निसटत नाहीं.

आधार क्रमांकाचा बारावा आंकडा हा व्हरहूफचा आहे. आणि योगायोग पाहा, देशांतील पहिले आधार क्रमांक दिले गेले तेही खानदेशांतच. नंदुरबार जिल्ह्यांत शहादे तालुक्यांतील टेंभली या आदिवासी खेड्यांत, 29 सप्टेंबर 2010 रोजीं, त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत. (नंदुरबार 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यांतच होतें.) ॲम्स्टरडॅमच्या प्रबंधांतली पंचकोनी चकती सातपुड्याच्या पायथ्याशीं पोहोंचावयास एकेचाळीस वर्षें लागलीं.

आबा म्हणाले, “मग माझा ताळा चुकला कोठें?” मी म्हटलें, “आबा, आपला ताळा चुकला नाहींच. ताळा सांगतो कीं आंकडा लिहितांना चूक झाली नाहीं. तो म्हणणारा कोण, हें सांगण्याचें काम त्याच्याकडे कोणींच दिलेलें नाहीं.” ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “मुलानें दुसऱ्याची वही पाहून उतरविलें तरी ताळा जुळतोच कीं. चौतीस वर्षें हें मला ठाऊक होतें.”

म्हणणारा कोण, हें पाहण्याचे शोध निराळे आहेत. इंटरनेटवर बँकेचें पान उघडतांना जें कुलूप दिसतें त्याच्या मुळाशीं 1977 सालची एक कल्पना आहे. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंतील रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन या तिघांनीं ती मांडली. 67 गुणिले 83 हा गुणाकार शाळेंतला मुलगा करील: 5561. पण 5561 देऊन “हे कोणत्या दोहोंचा गुणाकार?” असें विचारलें तर तोच मुलगा दुपारभर बसेल. हेच आंकडे शेंकडों अंकी घेतले तर जगांतले संगणकही बसतात. गुणाकार सर्वांस सांगावा, अवयव आपल्यापाशीं ठेवावे. कुलूप कोणींही लावावें, किल्ली एकाचपाशीं. याचें अमेरिकन पेटंट 20 सप्टेंबर 1983 रोजीं मिळालें आणि 17 वर्षांनीं, 2000 च्या सप्टेंबरांत, संपलें. अर्जापूर्वींच कल्पना छापून गेल्यामुळें इतर देशांत तें मिळूं शकलें नाहीं. म्हणजे आपल्याकडे ती आरंभापासून मोकळीच.

हीच कल्पना इंग्लंडांत क्लिफर्ड कॉक्स यानें 1973 तच काढली होती. तो सरकारी गुप्तसंदेश खात्यांत नोकर. कागद कुलुपांत गेला आणि 1997 पर्यंत बाहेर आला नाहीं. तोंवर सर्व जगांत तिघांचें नांव झालें होतें. गुपितें राखण्याच्या विद्येंत ज्यानें गुपित राखलें तो मागें राहिला, ज्यांनीं उघडें पत्र लिहिलें ते पुढें गेले. मला तरी यांत थोडा अन्याय वाटतो.

आणि तो सहा आंकड्यांचा संकेत? त्याच्या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे केनेथ वाइस. घटकेघटकेस बदलणारा आंकडा दाखविणारें खिशांतलें साधन आणि तोच आंकडा त्याच क्षणीं जाणणारा दूरचा संगणक, अशी त्याची जोडी. अर्ज 1984 चा, पेटंट 1988 चें. त्याचें शीर्षक ‘व्यक्तीची निश्चित ओळख पटविण्याची रीत व साधन’ अशा अर्थाचें आहे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें 1 ऑगस्ट 2009 पासून कार्डाच्या इंटरनेटवरील व्यवहारास दुसरी एखादी ओळख आवश्यक केली आणि तेव्हांपासून हा संकेत घरोघरीं आला. शीर्षक वाचून दाखविल्यावर आबा म्हणाले, “म्हणजे तो संकेत मी म्हणजे मीच हें सिद्ध करण्याकरितां होता. आणि मीं तो दुसऱ्यास दिला. त्या घटकेपुरता तो आबा झाला.”

नळीच्या सांध्याला फीत मिळाली, आंकड्याच्या नकलेला चकती मिळाली, निरोपाला कुलूप मिळालें. पेटंटाच्या कचेरींत हे सर्व कागद उघडे आहेत. चोरानें त्यांतलें कांहींएक फोडलें नाहीं. त्यानें हयातीच्या दाखल्याची भीति घातली, दोन मिनिटांची घाई केली, आणि नम्रपणें विचारलें.

दुसऱ्या दिवशीं आबांनीं घरासाठीं एक रीत ठरविली. तिला ते उलटा ताळा म्हणतात. गुणाकाराचा खरा ताळा भागाकारानें. तसें पैशाचें नांव काढणारें कोणाचेंही बोलावणें आलें कीं तें आधीं बंद करावयाचें, आणि पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन विचारावयाचें. समोरचा आपणांकडे आला तर तो कोण हें कळत नाहीं. आपण त्याच्याकडे गेलों तर कळतें. धाकट्या सुनेनें ही रीत चांगली म्हटली, तेव्हां आबांना बरें वाटलेलें स्पष्ट दिसलें. वहिनींनीं मात्र विचारलें, “आणि माझा भाऊ उसने मागायला फोन करील तेव्हां?” आबा म्हणाले, “तेव्हां तर अवश्य बंद करावयाचा.”

नळाची नवी ओळ या वर्षीं होणार नाहीं. थोरल्या चिरंजीवांनीं आणि सालदारानें मिळून फुटलेला सॉकेट कापून काढला, दोन्हीं टोकें कानसेनें घासलीं, नवा बसवून सोल्युशन लाविलें. अर्ध्या तासांत पाणी सोडूं असा दोघांचा बेत होता. आबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनीं डब्यावरच्या सूचना चष्मा लावून वाचल्या आणि पाणी सकाळपर्यंत सोडूं दिलें नाहीं.